एकवीस प्रकरणांचं घर

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

तामलवाडी,
ता. ५ जानेवारी १९४५

चि. सोमलिंग यास काका शरणबसप्पा यांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडं सर्व खुशाल असून, पुण्याच्या थंडीत तू कान बांधून निजतोस की नाही हे तुझ्या काकूला तातडीनं कळवावं. ज्वारी हुरड्यात आली आहे. यंदा पाखरं फार. मी शेतातल्या माळ्यावर बसून गोफण फिरवतो आणि मधल्या वेळात नामस्मरण करतो. त्यामुळं दोन्हीकडं घोटाळा होतो. काल पूजेला बसलो असता तोंडातून ‘हुर्र’ निघालं आणि काकू हातातलं ताट टाकून बाहेर धावली.

पत्राला कारण तुझी बहीण लक्ष्मम्मा. तिला आता सतरावं सरेल. कळंबचे गुंडाप्पा आडते यांच्या दुसऱ्या मुलासाठी, सिद्धलिंगासाठी, विचारणा आली आहे. दिवाळीत तू आला होतास तेव्हा या घराचा विषय निघाला होता, तो आता पक्का झाला. मुलगा उर्दू मिडल पास असून दुकानावर बसतो. जमीन किती, बैल किती, हे मी विचारून घेतलं. मठाच्या स्वामींनी होकार दिला. मला महाशिवरात्रीपर्यंत शब्द द्यायचा आहे. आमची एकच पोर आहे, म्हणून जीभ उचलत नाही.

तू समाजशास्त्र शिकतोस हे कळल्यापासून मला मोठा धीर आहे. आपल्या समाजात कुणाचं घर कसं, कुणाची सोयरीक कुठं, हे तोंडपाठ असलेले म्हातारे एकेक करून लिंगैक्य झाले. आता हे कॉलेजात शिकवतात, ही चांगली सोय झाली. तेव्हा तुझ्या शास्त्रानं त्या घराची पूर्ण तपासणी करून काय दिसेल ते बेधडक लिही. नावं मात्र घालू नकोस. इथं पत्र आधी चार माणसं वाचतात, मग आम्ही.

शेजारचा धोंडप्पा कडब्याची गाडी घेऊन सोलापूरला निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. तो तिकडच्या पेटीत टाकेल.

माया आहे तशीच ठेव. कमी केलीस तर काकू चालत पुण्याला येईल, आणि तिचा गुडघा दुखतो.

तुझा काका,
शरणबसप्पा

*

पुणे,
ता. ११ जानेवारी १९४५

चि. लक्ष्मम्मा हीस सोमलिंगअण्णाचे आशीर्वाद आणि एक टपली.

वि. वि. दिवाळीपासून घरचं एकही पत्र नाही. तुमच्याकडची शाई संपली असेल तर कोळशानं लिहा.

आमच्या सरांनी एक चमत्कारिक काम दिलं आहे. प्रत्येकानं एक कादंबरी घ्यायची आणि कुटुंबाविषयी समाजशास्त्र जे सिद्धांत सांगतं ते तिच्यातल्या घराला लावून पाहायचे. कादंबरीतलं घर खरं नसलं तरी लिहिणाऱ्यानं ते खऱ्या घरांवरूनच उभं केलेलं असतं, असं सर म्हणतात. मी दिवाळीत तुझ्याकडं ठेवून आलो तीच कादंबरी घेतली, ती फाटक्या पुठ्ठ्याची. इथं एका मित्राकडं दुसरी प्रत मिळाली. तुला आठवतं ना, दत्तोपंत झोपाळ्यावर बसलेले असतात, आत्याबाई किल्ल्या सांभाळतात, वसंतराव नाटक कंपनीत जातात आणि वनमाला सगळ्यांच्या मागून जेवते.

सरांचा एक नियम आहे. निबंधात कुणाचं नाव घालायचं नाही, फक्त नातं लिहायचं. कर्ता, आत्या, दुसरा मुलगा, धाकटी सून. नाव घेतलं की जीव गुंततो आणि शास्त्र बिघडतं. मी एकदा ‘बिचारी वनमाला’ असं लिहिलं, तर त्यांनी ‘बिचारी’ही खोडलं आणि ‘वनमाला’ही.

काकांनी पोथीशिवाय काही वाचलेलं नाही, पण एकोणीस माणसांचं घर चालवलं आहे. म्हणून त्यांचं मत विचारणारं वेगळं पत्र याच टपालात टाकतो. त्यांनी पुस्तक उघडलं नसेल तर तू वाचून दाखव. तू कुठवर आलीस तेही कळव.

जीव लावत राहा. पण माझ्या पुस्तकाला शेणाचे हात लावू नकोस.

तुझा,
सोमलिंगअण्णा

*

पुणे,
ता. ११ जानेवारी १९४५

तीर्थस्वरूप काका आणि काकूंच्या चरणी सोमलिंगाचा शरणार्थ.

वि. वि. दिवाळीत आपल्याकडं ज्या घराविषयी बोलणं झालं, त्या घराची मी समाजशास्त्राच्या रीतीनं तपासणी केली. नावं घालायची नाहीत असा दंडक असल्यानं नात्यांनीच लिहितो.

त्या घरात एकूण एकवीस प्रकरणं आहेत. त्यांतली बारा मी बारकाईनं तपासली. सुरुवातीच्या प्रकरणांत विशेष काही नाही. सातव्यापासून घराची खरी कळा दिसू लागते.

शास्त्र सांगतं की घर कुणाचं हे नावावरून नव्हे, किल्लीवरून ओळखावं. या घराचा कर्ता झोपाळ्यावर बसतो, सगळे त्याच्या पाया पडतात, पण त्याचं काही चालत नाही. कोठीच्या किल्ल्या त्याच्या विधवा बहिणीच्या कनवटीला असतात. शास्त्र असंही सांगतं की कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. पण त्यांत कोण आधी जेवतं आणि कोण शेवटी, ते पाहावं, म्हणजे कुणाची किंमत किती ते कळतं. इथं धाकटी सून सगळ्यांच्या मागून, उभ्याउभ्या, गार जेवते.

दुसऱ्या मुलाचं प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचं आहे. तो वरून गरीब दिसतो. आतून कविता करतो. नाटक कंपनीबरोबर पळून जातो. सात महिन्यांनी परत येतो. आई ओवाळते, बाप बोलत नाही. हे घर फार दिवस एकत्र राहणार नाही, असं माझं अनुमान आहे.

काका, आपला अनुभव मोठा. आपणही एकदा त्या घरात नीट शिरून पाहावं आणि माझं कुठं चुकतं ते कळवावं. मला दहा फेब्रुवारीच्या आत सगळं लिहून द्यायचं आहे.

आपला लोभ ही माझी शिदोरी आहे, ती पुरवून खातो आहे.

आपला,
सोमलिंग

*

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

तामलवाडी,
ता. २२ जानेवारी १९४५

चि. सोमलिंग यास काकांचे आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. नावं न घालण्याचं तुझ्या लक्षात राहिलं, याबद्दल तुला शाबासकी. बाकी पत्र मी दोनदा वाचलं. एका घरात एकवीस प्रकरणं. तुझी काकू म्हणाली की तिच्या माहेरच्या अख्ख्या गावात तिच्या आज्यापासून आजवर इतकी झाली नसतील. पुढं ती जे कानडीत म्हणाली ते टपालात घालण्याजोगं नाही. लक्ष्मम्मा मात्र तुझं पत्र वाचून परसात गेली आणि बराच वेळ तोंडावर पदर धरून बसली. पोरीच्या मनाला लागलं असणार.

मला सगळ्यात काळजी दुसऱ्या मुलाची. नाटक कंपनीबरोबर पळून जातो असं तू लिहिलंस. म्हणजे दरसाल जातो काय? पावसाळ्यात जात असेल तर पेरणीच्या दिवसांत आडतीवर कोण बसतं? काकूचा सवाल असा की सात महिने गेल्यावर त्याला दरसाल ओवाळायचं तेल कुठून आणतात.

तेव्हा तू म्हणतोस तसं त्या घरात शिरूनच पाहावं असं ठरवलं. तुरीची दोन पोती आडतीवर घालायचं निमित्त केलं, पूजा आटोपून निघालो, उस्मानाबादेत मोटार बदलली आणि कळंबला जाऊन दोन मुक्काम केले. तुझं शास्त्र हाताशी धरून जे पाहिलं ते लिहितो.

कर्त्याचा आवाज मोठा आहे, झोपाळा मात्र नाही. विधवा बहीणही नाही. कधीच नव्हती, असं शेजारचे सांगतात. कोठीची किल्ली म्हशीच्या गळ्यात बांधलेली असते. म्हैस घरधनिणीशिवाय, म्हणजे गंगम्माबाईंशिवाय, कुणाला जवळ येऊ देत नाही. मी सहज पाहायला गेलो तर तिनं माझं अर्धं उपरणं खाल्लं. तुझ्या शास्त्राप्रमाणं ते घर म्हशीचं ठरतं. तू हे कुठं लिहिलं नाहीस.

जेवणाचंही उलटंच. पाणी मागायच्या निमित्तानं मी स्वैपाकघराच्या दाराशी गेलो. मोठी सून चन्नम्मा पुरुषांच्या आधी गरम भाकरी आणि लोणी घेऊन निवांत बसली होती. मला पाहून ती उठू लागली, तर गंगम्माबाईंनी तिला बसवलं. मला सांगितलं की या घरात चुलीपुढं बसणारीला पहिली भाकरी मिळते, मग बाकीच्यांना. त्या स्वतः नवीन सून असताना उपाशीपोटी भाकऱ्या थापता थापता चुलीपाशी घेरी येऊन पडल्या होत्या. सासू गेल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी हा कायदा केला. गुंडाप्पा बाहेरून म्हणाले की या कायद्याविरुद्ध कोर्टात जायची सोय नाही. सगळे हसले. मागून गार जेवणारी सून मला सापडली नाही.

मुलाला मी आडतीवर एकटं गाठून कविता करतोस का म्हणून विचारलं. तो लाल झाला आणि नाही म्हणाला. मी म्हटलं, लपवू नकोस, माझ्या पुतण्यानं शास्त्रानं तपासलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पूजा संपेपर्यंत तो दाराशी उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला की रात्रभर बसून एक केली आहे, तेवढी चालेल का. ती अशी:

तूर आली पोत्यात, पोतं आलं दारी,
मापात मी चुकलो तर शिक्षा करा भारी.

हा आधीपासून लपवत होता की आत्ताच शिकला, हे मला ठरवता आलं नाही. नाटकाबद्दल विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की भावाबरोबर एकदा बार्शीला नाटक पाहायला गेला होता, दुसऱ्या अंकात झोप लागली, आणि त्याची माफी असावी.

राहिली प्रकरणं. मी किराणा दुकानदाराला विचारलं, न्हाव्याला विचारलं, मठात विचारलं. खोदून खोदून चार निघाली. एक शेजाऱ्याच्या भिंतीचं, एक पोळ्याला बैल कुणाचा पुढं यावरून, एक मास्तरांच्या छत्रीचं. चौथं न्हाव्याला आठवेना, पण होतं एवढं तो शपथेवर सांगतो. मग उरलेली सतरा कुठं आहेत? मला घर बरं वाटलं, म्हणून जास्त भीती वाटते. महाशिवरात्र जवळ आली. सतराच्या सतरा सविस्तर कळव.

आमच्यावरचं प्रेम आणि तुझ्या कानांवरचं फडकं, दोन्ही असू दे.

तुझा काका,
शरणबसप्पा

*

पुणे,
ता. २६ जानेवारी १९४५

तीर्थस्वरूप काकांच्या चरणी सोमलिंगाचा शरणार्थ.

वि. वि. आपलं पत्र वाचून मी थक्क झालो. आपण त्या घरात इतके खोल शिरलात की मी उंबऱ्यावरच राहिलो. सगळं आहे तसं न घेता, घर उचलून कळंबला नेऊन, माणसांना नवी नावं देऊन, कसं असायला हवं ते आपण मांडलंत. सुनेला पहिली भाकरी ही आपली कल्पना मला फारच आवडली. असं घर कुठं असतं तर किती बरं झालं असतं.

म्हशीचा अर्थ लावायला मला दोन दिवस लागले. शेवटी असं वाटलं की म्हैस म्हणजे धाकट्या सुनेची मुकी सहनशीलता. ती किल्ली गळ्यात वागवते पण कुलूप उघडू शकत नाही. उपरणं खाल्लं, म्हणजे पुरुषांची अब्रू गिळली. हे मी ‘एका अनुभवी गृहस्थाचं मत’ म्हणून निबंधात घातलं आहे. दुसऱ्या मुलाच्या कवितेची आपण केलेली नक्कलही घातली. मूळची याहून वाईट आहे.

आपल्याला चारच प्रकरणं मिळाली याचं नवल नाही. उरलेली सतरा लक्ष्मम्माकडं असणार. दिवाळीत मीच तिच्या हवाली केली होती. ती रात्री उशाशी घेऊन निजते, आणि काकूंची चाहूल लागली की धान्याच्या कणगीमागं लपवते. रागावू नका. मायेनं विचारलंत तर एकेक करून सगळी सांगेल.

आपला आशीर्वाद असाच असो. म्हशीसारखं आणखी काही सुचलं तर उलट टपाली कळवा.

आपला,
सोमलिंग

*

॥ श्री ॥

तामलवाडी,
ता. ३१ जानेवारी १९४५

ती. सोमलिंगअण्णास लक्ष्मम्माचा शरणार्थ, जरी आज तुझे पाय दिसले असते तर मी धरण्याऐवजी ओढले असते.

वि. वि. काल तुझं पत्र आलं. आप्पांनी ते तीनदा वाचलं, कपाळाचं विभूतीचं बोट पुसलं जाईपर्यंत घाम पुसला, आणि मला देवघरात बोलावलं. अव्वाला, म्हणजे तुझ्या काकूला, बाहेर बसवलं. मग फार हळू आवाजात म्हणाले की बाळ, मी रागावणार नाही, तुझी सतरा प्रकरणं काय आहेत ती मला सांग. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला हसूही येईना आणि रडूही येईना. कणगीमागून पुस्तक आणून मी त्यांच्या पुढ्यात ठेवलं. पहिल्या पानावर ‘प्रकरण पहिलं’ असं लिहिलेलं त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग शेवटचं उघडून ‘प्रकरण एकविसावं’ वाचलं. मग पुस्तक मिटलं. त्यांनी मला एवढंच विचारलं की याला अध्याय का म्हणत नाहीत.

त्यांनी तुला पाच तारखेलाच पत्र लिहून कळंबच्या घराची चौकशी करायला सांगितलं होतं. ते पत्र परवा धोंडप्पाच्या पेंडीच्या पोत्यात निघालं. तो म्हणतो, पत्र जपून ठेवलं होतं. आणि आप्पांच्या समजुतीनं समाजशास्त्र म्हणजे आपल्या समाजातल्या स्थळांचं शास्त्र. आता तूच जोडून बघ.

तू विचारशील, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं तर मी बोलले का नाही. कळलं होतं. परसात तोंडाला पदर लावून बसले होते ती हसू दाबायला. पण मी सांगितलं असतं तर आप्पा कळंबला गेलेच नसते. एकर आणि बैलजोड्या मोजून झाल्या होत्या, त्यांनी होकार दिला असता. तुझ्या पत्रामुळं ते पहिल्यांदा हे विचारायला गेले की तिथली सून कधी जेवते. असं विचारायला कुणाचा बाप जातो? म्हणून मी गप्प बसले. त्यांनी परत येऊन भाकरीचं सांगितलं तेव्हा मी मनात ठरवून टाकलं. मला त्या घरात जायचं आहे. हे मी अव्वालाही बोललेले नाही.

आता ते हातचं जायची वेळ आली आहे. कळंबच्या न्हाव्यानं गावभर केलं की तामलवाडीचे पावणे आडत्यांची प्रकरणं गोळा करत हिंडत होते. गुंडाप्पांनी निरोप धाडला आहे की अशी बेइज्जती त्यांच्या सात पिढ्यांत झाली नाही. नऊ तारखेला ते आणि गंगम्माबाई इथं येतात आणि समोरासमोर जाब विचारून सोयरीक मोडतात. आप्पा सगळा दोष अंगावर घ्यायला बसले आहेत. त्यांनी दोष घेतला तर शंका खरी होती असंच होईल. अण्णा, हे तू केलंस, तूच निस्तर. गुंडाप्पांना स्वतः पत्र लिही. उद्याच लिही. आणि म्हैस म्हणजे मुकी सहनशीलता नव्हे. म्हैस म्हणजे म्हैस.

मी चौदाव्या प्रकरणात आहे. तुझ्यावरची माया सध्या पोथीच्या फडक्यात बांधून ठेवली आहे. पत्र पोचल्याचं कळलं की सोडेन.

तुझी बहीण,
लक्ष्मम्मा

*

पुणे,
ता. ३ फेब्रुवारी १९४५

राजमान्य राजश्री गुंडाप्पा आडते यांच्या सेवेसी, तामलवाडीच्या शरणबसप्पांचा पुतण्या सोमलिंग याचा शरणार्थ.

वि. वि. आपली माझी ओळख नाही, आणि असं पत्र लिहून ती होणं हे माझं दुर्दैव आहे. आपल्या घराविषयी मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. मी एका कादंबरीतल्या घराविषयी लिहिलं. काकांनी ते आपलं समजलं. मग काकांनी आपल्या घराविषयी लिहिलं, ते मी कादंबरीतलं समजलो. एकवीस प्रकरणं म्हणजे एकवीस अध्याय. आपल्या घरात एकही नाही, छत्रीचं सोडून.

शिक्षा मला झालेली आहे. आपल्या म्हशीवर मी निबंधात दीड पान लिहिलं. सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं की ही म्हैस कादंबरीच्या कोणत्या पानावर आहे, कारण त्यांनी ती दोनदा वाचली आणि त्यांना भेटली नाही. मी म्हटलं, ती कळंबला आहे. निबंध पुन्हा लिहायला सांगितला आहे.

एक गोष्ट मात्र सरांनी खोडली नाही. चुलीपुढं बसणारीला पहिली भाकरी, या वाक्याखाली त्यांनी रेघ ओढली आणि समासात लिहिलं की असं घर प्रत्यक्ष असेल तर पाहायला आवडेल. काकांनी आपल्या घराची चौकशी केली ती दोष काढायला नव्हे. त्यांना एकच मुलगी आहे. चौकशी चुकीच्या कागदावरून झाली, पण जे पाहिलं ते त्यांनी जसंच्या तसं मला लिहिलं, आणि त्यांना घर बरं वाटलं हेही लिहिलं.

आपण मोठे आहात. रागवायचं असेल तर पुण्याचा पत्ता वर दिला आहे. तामलवाडीवर राग ठेवू नये. आजवर लोभ नव्हता, तो इथून सुरू करावा ही प्रार्थना.

आपला,
सोमलिंग

*

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

तामलवाडी,
ता. १२ फेब्रुवारी १९४५

चि. सोमलिंग यास काकांचे आशीर्वाद.

वि. वि. काल महाशिवरात्र झाली. उपास सोडून हे पत्र लिहायला घेतलं. पूजेत मी देवाला सांगितलं की माझ्या अडाणीपणाची शिक्षा पोरीला देऊ नको. त्याचं उत्तर दोन दिवस आधीच देऊन झालं होतं, मला कळायला वेळ लागला.

कळंबची मंडळी नऊ तारखेला सकाळीच आली. गुंडाप्पा बूट न काढता अंगणात उभे राहिले आणि पाणी नको म्हणाले. तुझं पत्र त्यांच्या खिशात होतं. त्यांनी ते मला वाचायला लावलं, मग स्वतः वाचलं, मग धोंडप्पाला हाक मारून त्याच्याकडून वाचवून घेतलं, कारण तिसऱ्या माणसाच्या तोंडून तेच निघतं का ते त्यांना पाहायचं होतं. तेच निघालं. त्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की पुस्तकातला तो कर्ता झोपाळ्यावर बसतो म्हणून त्याला वाईट ठरवलं आहे का. मी म्हटलं, तसं काही नाही, नुसता बसतो. ते म्हणाले, बरं झालं, त्यांनाही एक करून घ्यायचा आहे. मग बूट काढले.

गंगम्माबाईंची समजूत इतकी सोपी नव्हती. ज्या घराची पापं आमच्या नावावर लावलीत, ते घर आम्हाला ऐकवा, असं त्या म्हणाल्या. लक्ष्मम्मानं सातवं प्रकरण वाचलं. धाकटी सून कोठीपुढं उभी राहून गूळ मागते आणि आत्या किल्ली हरवल्याचं नाटक करते, ते. गंगम्माबाईंच्या पुढं चहा ठेवला होता, त्याच्यावर साय धरली तरी त्यांनी हात लावला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, हे लोक कुठले. मी म्हटलं, कुठलेच नाहीत, लिहिणाऱ्याच्या मनातले. त्यांना पटलं नाही. अशा बाया आहेत, कुणीतरी गाव बदलून लिहिलंय, असं त्या म्हणाल्या. तुझी काकू जोरात मान हलवत होती. एरवी नव्या विहिणी पहिल्या भेटीत एकमेकींची पातळं न्याहाळतात. या दोघी त्या आत्येला नावं ठेवत शेजारी शेजारी बसल्या होत्या.

पुढं जे झालं ते तुझ्या शास्त्रात कुठं बसतं ते तू पाहा. गंगम्माबाईंनी मला विचारलं की तुम्ही आमच्या गावात न्हाव्याला विचारलंत, किराणावाल्याला विचारलंत, आमच्या पोराला विचारलंत, तुमची पोर काय म्हणते. सोमलिंगा, मी तिला विचारलंच नव्हतं. आपल्याकडं विचारतात कुठं. मी सगळ्यांच्या देखत वळून लक्ष्मम्माला विचारलं. तुझा आहे का होकार, एवढंच म्हणालो.

ती म्हणाली, विचार करायला वेळ पाहिजे. गुंडाप्पांच्या भुवया वर गेल्या. गंगम्माबाई म्हणाल्या, दुपारच्या मोटारीपर्यंत कर.

पहिला होकार लगेच आला. मग तिनं विचारलं की तिथं पुस्तक वाचायला मिळेल का. गंगम्माबाई म्हणाल्या, घासलेट मिळत नाही, दिवा लवकर मालवतो. तेव्हा नकार आला. गुंडाप्पा म्हणाले की दुपारी आडतीवर कुणी नसतं, तिथं वाच, आम्हीही ऐकू. पुन्हा होकार झाला. दुपारची मोटार काही आली नाही. उस्मानाबादेच्या अलीकडं तिचं चाक निखळलं होतं, असं मागून कळलं. माणसं रिकामी बसली की बोलणं वाढतं. काकूनं भाकऱ्या टाकल्या, सगळे जेवले, आणि लक्ष्मम्मानं हात धुऊन नवीनच काढलं की मुलाला कुणी कविता करायला लावू नये, ती तिनं ऐकली आहे. गंगम्माबाईंनी कपाळावर हात मारला. त्या म्हणाल्या, तुझ्या बापानं विचारल्यापासून तो थांबतच नाही, वजनाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहितो, गिऱ्हाइकं चिठ्ठ्या परत आणून अर्थ विचारतात. हे ऐकून लक्ष्मम्मा पुन्हा आत गेली. मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. एकोणीस माणसांच्या घराचा कर्ता मी, पण त्या दुपारी मला कुणी काही विचारत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं.

दिवेलागणीला ती बाहेर आली. कविता महिन्यातून एक, आणि ती आधी तिनं दुरुस्त करायची, असं ठरलं. तेवढ्यावर तिनं होकार दिला. काकू म्हणाली की आता आणखी काही विचारू नकोस. लक्ष्मम्मा म्हणाली, शेवटचं एक विचारते, आणि तिनं तोंड उघडलं, तोच सडकेवर मोटारीचा भोंगा वाजला. भोंगा वाजला तेव्हा होकार चालू होता, म्हणून तोच धरला.

लग्न वैशाखात आहे. तू चार दिवस आधी ये, आणि येताना मोकळ्या हातानं ये, तपासणी करू नकोस. तुझ्यावरचा लोभ काकूनं तुपाच्या बरणीशेजारी ठेवला आहे. खराब व्हायच्या आत येऊन घेऊन जा.

तुझा काका,
शरणबसप्पा